गोठ्याशेजारी उभी असलेली जुनी जीप : भंगारात घालण्याआधी आणि इंजिन खोलण्याआधी हे वाचा

तुमच्या वाड्यात, शेडमध्ये किंवा लिंबाच्या झाडाखाली जुनी जीप उभी आहे का? टायर जमिनीत रुतलेले, सीटवर कोंबड्या आणि बॉनेटवर कडब्याच्या पेंढ्या? मग महिन्यातून एकदा तरी भंगारवाला दारात येऊन वजनाचा भाव सांगून जात असेल. आणि घरातलं कुणीतरी म्हणत असेल, "राहू दे, आजोबांची आहे. एकदा इंजिन करून घेऊ."

हे "इंजिन करून घेणं" म्हणजे नेमकं काय, कुठे पैसे लागतात आणि कुठे वाया जातात, ते सोप्या भाषेत सांगण्यासाठी हा लेख. मी मिस्त्री नाही. पण आमच्या घरची पेट्रोल जीप १४ वर्षं उभी राहिल्यावर आम्ही ती चालू केली, आणि त्या नादात एकच काम दोनदा करून घेतलं. पैसेही दोनदा गेले. पहिली चूक आमची होती, दुसरी एका लेथवाल्याची. दोन्ही टळल्या असत्या.

आधी ओळखा, गाडी कोणती?

महिंद्राने १९४० च्या दशकाच्या शेवटी मुंबईत अमेरिकेच्या विलीज कंपनीच्या जीप जोडायला सुरुवात केली. गावाकडे जी उंच बॉनेटची जुनी जीप दिसते ती बहुतेक सीजे-३बी या जातीची. अमेरिकेत हे मॉडेल १९५३ ला आलं आणि १९६८ ला बंद झालं. आपल्याकडे मात्र ते पुढे कितीतरी वर्षं बनत राहिलं. शेतात, वन खात्यात, पोलिसांत, निवडणुकीच्या प्रचारात हीच गाडी असायची.

बॉनेट उंच का, तर आतलं इंजिन उंच म्हणून. हे चार सिलिंडरचं, २१९९ सीसीचं पेट्रोल इंजिन. बोअर ७९.४ मिलिमीटर आणि पिस्टनचा स्ट्रोक १११.१ मिलिमीटर, म्हणजे बारीक पण लांब. म्हणून ते जोरात पळत नाही, पण कमी फेऱ्यांवर ताकद देतं. चिखलातून हळूहळू निघते ती त्यामुळेच. याची एक खोड लक्षात ठेवा : पेट्रोल-हवा आत घेणारे व्हॉल्व्ह हेडमध्ये आहेत आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळे "नुसतं हेड काढून व्हॉल्व्ह करून देतो" असं कुणी म्हणालं, तर ते अर्धंच काम झालं.

पुढे डिझेल जीप आल्या. काहींत ट्रॅक्टरच्या बी-२७५ चं २३५० सीसीचं इंजिन, तर एमएम ५४० मध्ये प्यूजो जातीचं २११२ सीसीचं. शिवाय अनेक पेट्रोल जीपमध्ये मालकांनीच नंतर डिझेल इंजिन बसवून घेतलं. तुमच्या गाडीत काय आहे ते आधी बघा, कारण पुढचा सगळा खर्च आणि कागदपत्रं त्यावर ठरतात.

पाना हातात घेण्याआधी कागद

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. लाखभर घालून गाडी चकाचक होते आणि मग कळतं, आरसी बुक सापडत नाही किंवा चेसिस नंबर जुळत नाही. म्हणून हा क्रम पाळा :

• आरसी बुक (जुन्या लोकांच्या भाषेत टीसी बुक) शोधा. गाडी आजोबांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर वारसाच्या नावावर करावी लागेल.

• चेसिसवरचा आणि इंजिनवरचा नंबर वायर ब्रशने हलक्या हाताने साफ करून फोटो काढा. ग्राइंडर लावू नका, नंबर पुसला तर नवीच डोकेदुखी.

• इंजिन बदललेलं असेल तर त्याची नोंद आरसीवर आहे का बघा. पेट्रोलचं डिझेल केलं आणि नोंद नाही, तर पासिंगला अडचण येते.

• खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे गाडी तपासून दर ५ वर्षांनी ती वाढवून मिळते. शुल्क मधूनमधून बदलतं, म्हणून आजचा आकडा आरटीओतच विचारा. १५ वर्षांवरच्या खासगी गाडीला महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो.

• "जुन्या गाड्यांवर बंदी आहे" ही चर्चा दिल्ली परिसरातल्या नियमावरून आली. १० वर्षं डिझेल आणि १५ वर्षं पेट्रोल ही मर्यादा तिकडची. आपल्याकडे गाडी तपासणीत पास झाली आणि कर भरला, तर नुसत्या वयावरून ती बाद होत नाही.

• ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात असलेली गाडी २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार "व्हिंटेज" म्हणून नोंदवता येते. नियमात नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये ठेवलं, मुदत १० वर्षं. नंबरमध्ये "व्हीए" अक्षरं येतात. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. शेतावर न्यायची असेल तर साधी नोंदणीच बरी.

पहिली चूक : ट्रॅक्टरला बांधून ओढू नका

आमच्याकडे नेमकं हेच झालं. बॅटरी नवी टाकली, सेल्फ मारला, इंजिन हलेना. चुलते म्हणाले, "ट्रॅक्टर लावा, गिअरमध्ये टाका, झटक्यात निघंल." निघालं खरं. पण गंजून बोअरला चिकटलेल्या रिंगा तुटल्या आणि तिसऱ्या नंबरच्या बोअरवर वरून खालपर्यंत रेघ पडली. जे काम कदाचित रिंगांवर भागलं असतं, ते स्लीव्हवर गेलं.

बरीच वर्षं उभ्या गाडीच्या सिलिंडरमध्ये ओल जाते, रिंगा गंजतात आणि इंजिन जाम होतं. ते असं सोडवायचं :

१. चारही प्लग काढा. प्रत्येक भोकातून दोन-तीन चमचे पातळ ऑईल सोडा. आठवडाभर तसंच राहू द्या, मधे पुन्हा थोडं टाका.

२. एअर क्लीनर, कार्बोरेटर आणि सायलेन्सरचं तोंड उघडून बघा. कुंभारीण माशीची मातीची घरं आणि उंदराची बिळं हमखास निघतात. ती आत ओढली गेली तर वाळू कागद फिरवल्यासारखं होतं.

३. जुनं पेट्रोल पूर्ण काढा. टाकीत गंज असेल तर टाकी उतरवून धुवा.

४. चेंबरमधलं जुनं ऑईल काढा. ते दुधाळ असेल तर पाणी शिरलंय.

५. आता प्लग काढलेलेच ठेवून पुढच्या हँडलने इंजिन हाताने थोडं पुढे, थोडं मागे हलवा. जोर करू नका. नाहीच हललं तर हेड काढायचं, पण ओढायचं नाही.

इंजिन "बसलंय" की नाही, हे आधी तपासा

इंजिन हाताने सुटलं आणि चालू झालं, तर लगेच खोलायची घाई नको. गरम झाल्यावर कॉम्प्रेशन मोजायला सांगा. मिस्त्री प्लगच्या जागी एक घड्याळ लावतो आणि सेल्फ मारतो. चारही आकडे जवळपास सारखे हवेत. एखादा आकडा इतरांपेक्षा १० पौंडांहून जास्त खाली असेल, तर त्या सिलिंडरमध्ये गडबड आहे.

आता त्या भोकात चमचाभर ऑईल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर चढला, तर रिंगा किंवा बोअर झिजलेत, कारण ऑईलने फट तात्पुरती भरली. आकडा तसाच राहिला, तर बहुधा व्हॉल्व्ह गळतायत. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील, तर हेडचं गॅस्केट दोघांच्या मधे फाटलेलं असण्याची शक्यता जास्त.

धूरही बोलतो. निळसर म्हणजे ऑईल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरी वाफ येत राहिली, तर पाणी आत जातंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त. ऑईलच्या घड्याळाचा काटा गरम इंजिनवर खाली पडत असेल आणि खालून ठकठक येत असेल, तर क्रँकच्या बेरिंगा गेल्यात.

ही तपासणी महत्त्वाची, कारण यावरून ठरतं : फक्त व्हॉल्व्हचं काम, रिंगा-बेरिंगांचं हाफ काम, की बोअर-क्रँकसह फुल काम. न मोजता "फुल करावं लागेल" म्हणणारा आणि न मोजता "रिंगा टाकू, भागंल" म्हणणारा, दोघांपासून सावध राहा.

खोलताना मोबाईल हाच खरा मदतनीस

प्रत्येक नट सोडण्याआधी फोटो काढा. वायरी, पाइप, कार्बोरेटरच्या तारा, सगळ्याचे. गाडीचं काम कधीकधी सहा महिने लांबतं, आणि सहा महिन्यांनी कोणती वायर कुठली, हे मिस्त्रीलाही आठवत नाही. नट-बोल्ट जागेनुसार वेगळ्या पिशव्यांत घालून वर चिठ्ठी लावा.

क्रँकवरच्या बेरिंगांच्या टोप्या आणि कनेक्टिंग रॉडच्या टोप्या ज्याच्या त्यालाच बसतात. कारखान्यात त्या जोडीनेच भोक पाडलेल्या असतात. नंबर नसेल तर खूण करून घ्या. व्हॉल्व्ह आणि पुशरॉडही त्याच क्रमाने पुठ्ठ्यात खोचून ठेवा. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर ऑईल पंपाच्या दांड्यावर फिरतो, म्हणून पंप काढण्याआधी त्याची जागा खुणेने नोंदवा, नाहीतर टायमिंग हलतं.

लेथवर काय होतं?

ब्लॉक लेथवर गेला की मालक चहा प्यायला जातो. जाऊ नका, थांबा. बोअर मोजताना बघा.

प्रत्येक बोअर वर, मधे आणि खाली अशा तीन ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा असा दोनदा मोजायचा असतो. कारण बोअर सगळीकडे सारखा झिजत नाही. सगळ्यात वर, जिथे पेट्रोल पेटतं तिथे दाब सर्वात जास्त आणि ऑईल सर्वात कमी, म्हणून तिथे झीज जास्त. शिवाय पिस्टन बाजूला रेटला जातो, म्हणून गोल भोक किंचित अंडाकृती होतं.

मापं "थाऊ"मध्ये सांगतात. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, म्हणजे ०.०२५ मिलिमीटर. झीज जास्त असेल तर बोअर थोडा मोठा करून मोठे पिस्टन टाकतात : १०, २०, ३०, ४० थाऊ. त्याच्याही पुढे गेलं, किंवा आमच्यासारखी खोल रेघ असेल, तर स्लीव्ह ठोकून मूळ मापावर आणतात.

इथे एक पक्का नियम : पिस्टन आधी घ्या, बोअर नंतर करा. डब्यावर ३० थाऊ लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्ष पिस्टन मोजून त्याच्या मापाने बोअर करायचा. आधी बोअर करून ठेवला आणि त्या मापाचे पिस्टन बाजारात मिळालेच नाहीत, तर ब्लॉक पडून राहतो. जुन्या जीपच्या बाबतीत हे नेहमी घडतं.

क्रँकचंही तसंच. तो घासून बारीक करतात आणि तेवढ्याच जाड बेरिंगा टाकतात. घासण्याआधी तडा तपासून घ्या. घासताना कोपऱ्याची गोलाई तशीच राहिली पाहिजे. कोपरा काटकोनी झाला तर क्रँक तिथूनच तुटतो.

तालुक्याला नीट लेथ नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी जा. पश्चिम महाराष्ट्रातल्या लोकांना कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर नवीन नाही, तिथे इंजिनाची कामं करणाऱ्यांच्या पिढ्या गेल्यात. दोन चकरा जास्त झाल्या तरी चालतील.

दुसरी चूक : चमकतं म्हणजे साफ असतं असं नाही

आमचा क्रँक लेथवरून आला तो आरशासारखा. मिस्त्रीने बसवला, इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं, घरात पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी ऑईलचा काटा खाली आणि खालून ठकठक. खोललं तर नव्या बेरिंगांवर नांगराने ओढल्यासारख्या रेघा.

कारण काय? क्रँकच्या आतून ऑईल जाण्यासाठी बारीक भोकं असतात. घासताना पडलेली दगडाची आणि लोखंडाची पूड त्या भोकांतच बसून राहिली. लेथवाल्याने ती काढली नाही, आम्ही विचारलं नाही. ऑईलचा दाब आला आणि ती पूड थेट बेरिंगांत गेली. पुन्हा क्रँक घासणं, पुन्हा बेरिंगा, पुन्हा मजुरी.

म्हणून बसवण्याआधी क्रँकच्या आणि ब्लॉकच्या प्रत्येक भोकातून बारीक ब्रश फिरवून, धुवून, हवेचा मारा करून घ्या. बोअर मात्र नुसत्या डिझेलने धुऊन साफ होत नाहीत. गरम पाणी आणि कपड्याच्या साबणाने घासा, कोरडे करा, लगेच ऑईल लावा. मग पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर करडा डाग आला तर पुन्हा धुवा. खर्च काहीच नाही, आणि आमचं सगळं नुकसान एवढ्या कामाने वाचलं असतं.

जोडताना विचारायचे चार प्रश्न

• रिंगेची फट मोजली का? रिंग बोअरमध्ये ठेवून तिच्या दोन टोकांतली फट फीलर गेजने मोजतात. साधारण तीन इंची बोअरला १० ते १२ थाऊ. फट नसेल तर गरम झाल्यावर रिंग फुगून जाम होते.

• बोल्ट टॉर्क पान्याने आवळले का? अंदाजाने आवळलेलं हेड वाकडं बसतं आणि गॅस्केट उडतं. आकडा कंपनीच्या पुस्तिकेतून घ्या आणि मधून बाहेर अशा क्रमाने आवळा.

• एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट कठीण धातूची आहे का? आपल्या देशात २००० साली पेट्रोलमधलं शिसं बंद झालं. हे शिसं जुन्या इंजिनांच्या सीटला झिजण्यापासून वाचवायचं. आता ते काम सीटच्या धातूनेच करायचंय.

• पेट्रोलचे पाइप आणि पंपाचा पडदा बदलला का? आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याच उसापासून ते बनतं, पण जुन्या रबराला ते मानवत नाही. रबर फुगतं, चिरतं आणि गरम इंजिनवर पेट्रोल गळून आगीचा धोका होतो. इथेनॉल चालणारे पाइप मागून घ्या. हे पेट्रोल ओल ओढतं, म्हणून महिनोनमहिने टाकी भरून गाडी उभी ठेवू नका.

डिझेल जीप असेल तर प्लग-कार्बोरेटरच्या जागी इंजेक्टर आणि पंप येतो. तो वेगळ्या दुकानात मशीनवर तपासून घ्यावा लागतो. कॉम्प्रेशनही खूप जास्त असतं, त्यासाठी घड्याळ वेगळं लागतं. बाकी मोजायचं आणि धुवायचं शास्त्र तेच.

पहिला स्टार्ट आणि पहिले ८०० किलोमीटर

प्लग काढून सेल्फ मारा. ऑईलचा काटा वर आल्याशिवाय प्लग लावू नका. चालू झाल्यावर ऑईल, पाणी आणि गळती यांवर लक्ष ठेवा. इंजिन थंड झाल्यावर हेड पुन्हा आवळण्याबद्दल पुस्तिका सांगेल तसं करा आणि व्हॉल्व्हची फट तपासा.

नंतर तासन्‌तास एकाच जागी इंजिन चालू ठेवू नका, त्याने रिंगा बसत नाहीत. गाडी रस्त्यावर काढा, हलका भार द्या, वेग कमी-जास्त करत राहा. ट्रॉली ओढणं आणि घाट नको. पहिलं ऑईल ५०० किलोमीटरच्या आतच बदला. त्यात बारीक लोखंड निघेल, ते साहजिक आहे.

रंग सगळ्यात शेवटी

बहुतेक जण उलटं करतात. आधी डेंटिंग-पेंटिंग, मग पैसे संपतात. बरोबर क्रम असा : ब्रेक, स्टिअरिंग, इंजिन, वायरिंग, पत्रा आणि शेवटी रंग. ब्रेक पहिले का? या जुन्या जीपला चारही चाकांना मिळून ब्रेक ऑईलची एकच लाईन असते. एक पाइप फुटला की चारही ब्रेक गेले. नवं इंजिन आणि जुने ब्रेक म्हणजे घात.

हिशोबही तोंडी नको. सुट्या भागांचं बिल वेगळं, लेथचं वेगळं, मजुरी वेगळी. बदललेले जुने भाग मागून घ्या. मापं कागदावर लिहून घ्या आणि त्याचा फोटो ठेवा.

मग करावी की नाही?

कागद नसतील आणि चेसिस गंजून पोखरली असेल, तर भावनेपोटी पैसे घालू नका. नोंदणी रीतसर रद्द करा आणि मगच गाडी द्या, नाहीतर ती कुठे वापरली गेली तर नाव तुमचंच येईल. कागद आहेत, चेसिस ठणठणीत आहे आणि ब्लॉकला तडा नाही, तर गाडी नक्की उभी राहते. या इंजिनात कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. जे आहे ते पान्याने खोलता येतं आणि मोजता येतं.

आमची जीप आता आठवड्यातून एकदा मळ्यात जाते. चुलते अजून म्हणतात, ट्रॅक्टर लावला नसता तरी ती सुटली असती. हे त्यांना १४ वर्षं उभ्या गाडीला ओढण्याआधी सुचायला हवं होतं. तुमच्या गावात कुणी दोर घेऊन निघालं असेल, तर हा लेख आधी त्याला पाठवा.